वाटीभर दूध का ठेवलं नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे, पण तो राग एका पिल्लापोटी आहे. म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं मला पटेना.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागे, कुंपणालगत वाढलेल्या नेच्यांत, जूनच्या सुरुवातीला एक नुकतंच जन्मलेलं पाडस दिवसभर एकटं पडून होतं. आम्ही ते खिडकीतून पाहिलं आणि त्याला हात लावला नाही, असं मी लिहिलं होतं. त्यावर ताईंचं म्हणणं असं: आईने टाकून दिलेलं लेकरू दिवसभर उपाशी राहिलं; माणूस जवळून गेला तरी उठेना, इतकं ते अशक्त होतं; घरात दूध असताना वाटीभर ठेवायला काय झालं होतं? निसर्गावर सोडून देणं म्हणजे हात झटकणं. आपल्याकडे शकुंतलेने पाडस पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि तुम्ही फोटो काढत बसलात.

आधी आईबद्दल बोलू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. इथली ही पांढऱ्या शेपटीची हरणं, व्हाइट-टेल्ड डिअर, पिल्लाला पहिले काही आठवडे बरोबर घेऊन हिंडतच नाहीत. हरिणीच्या अंगाला वास असतो, ती हलते, चरते, कोयोटच्या (लांडग्याच्या कुळातला इथला एक शिकारी प्राणी) आणि अस्वलाच्या नजरेत भरते. पाडसाच्या अंगाला मात्र पहिल्या दिवसांत वास जवळपास नसतोच. म्हणून ती त्याला पाजते, चाटते आणि लांब जाते. लांब म्हणजे फार लांब नाही. त्याने ओरडलं तर ऐकू येईल इतपत. दिवसातून मोजक्या वेळा येऊन पाजून जाते. जुळी असतील, आणि पूर्ण वाढ झालेल्या हरिणीला बहुतेक वेळा जुळीच होतात, तर दोघं वेगवेगळ्या जागी झोपतात, म्हणजे एक सापडलं तरी दुसरं वाचावं. आई दिसत नाही म्हणून पिल्लू अनाथ, हा हिशेब इथे लागू पडत नाही. ती तिथे नसणं हाच त्याचा बचाव आहे.

त्या संध्याकाळचं मी मूळ लेखात फारसं लिहिलं नव्हतं, ते इथे लिहिते. उजेड उतरल्यावर हरिणी कुंपणाच्या कडेने आली. लगेच आत शिरली नाही. एक पुढचा पाय उचलून, कान इकडेतिकडे फिरवत बराच वेळ उभी राहिली. मग नेच्यांच्या जवळ आली, आणि दिवसभर दगडासारखं पडलेलं ते पिल्लू ताडकन उठून तिच्या कासेला लागलं. डोक्याने ढुशा देत, शेपटी हलवत पीत होतं. अशक्त पिल्लू अशा ढुशा देत नाही. ते पीत असताना हरिणी त्याला शेपटीखाली चाटत होती. त्या चाटण्याने पिल्लाला शी-शू होते आणि ती सगळं स्वतःच गिळून टाकते, म्हणजे जागेवर वासाचा मागमूस राहत नाही. पाजून झाल्यावर ती पुढे निघाली, पिल्लू थोडं अंतर मागोमाग गेलं आणि मग त्याचं त्यानेच एक नवं झुडूप निवडून अंग टाकलं. आई परिसर निवडते, नेमकी जागा पिल्लू निवडतं.

आता ते उठेना याबद्दल. पहिल्या आठवडा-दीड आठवड्यात पाडसाला पळून जीव वाचवता येत नाही, म्हणून ते निपचित पडतं. मान जमिनीला टेकवतं, कान मागे चिकटवतं. अशा वेळी त्याच्या हृदयाचे ठोकेही एकदम मंदावतात, हे अभ्यासकांनी मोजलेलं आहे. अंगावरचे तीनेकशे पांढरे ठिपके पानांतून झिरपलेल्या उन्हात असे मिसळतात की नजर हटली तर पुन्हा सापडत नाहीत. तुम्हाला जो अशक्तपणा वाटला, ती त्या वयात त्याला येत असलेली एकमेव युक्ती आहे, आणि ते ती उत्तम करत होतं. आपण जवळ बसून राहिलो तर ते तसंच ताणलेलं पडून राहतं आणि आई आपल्याला बघून येत नाही. मायेने राखण करायला बसलेला माणूसच त्याला उपाशी ठेवतो.

आणि दूध. हरिणीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट असतात. गाईच्या दुधाने एवढ्याशा पाडसाला जुलाब लागतात, आणि तीन किलोच्या आसपासच्या जिवाला जुलाब म्हणजे मरण. बळजबरीने पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. शिवाय इथे परवान्याशिवाय रानटी जनावर घरात ठेवणं गुन्हा आहे. हा कायदा मला निव्वळ कागदी वाटत नाही: माणसाच्या हातून वाढलेला नर मोठा झाल्यावर माजाच्या दिवसांत माणसावरच शिंगं रोखतो, कारण त्याला माणसाची भीती उरलेली नसते. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात २०१२पासून हरणांमध्ये मेंदू पोखरणारा एक असाध्य रोगही आढळतो, म्हणून हरणं इकडून तिकडे नेणंच धोक्याचं झालं आहे.

तुम्ही ताडोब्यात पाहिलेल्या चितळांचा दाखला दिलात: तिथे पिल्लं कळपातच असतात, कुणी एकटं टाकत नाही. चितळाचं पिल्लूही सुरुवातीला लपवलेलंच असतं, फक्त ते लपलेलं असताना आपल्याला दिसत नाही. दुसरं म्हणजे चितळांना वर्षभर कधीही पिल्लं होऊ शकतात. इथे हिवाळा जीवघेणा. नोव्हेंबरच्या मध्याला माजाचा जोर असतो, त्यानंतर सुमारे २०० दिवसांनी, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, जवळपास सगळ्या हरिणी एकदमच वितात. तेव्हा कोवळा पाला मुबलक असतो, आईला दूध भरपूर येतं, आणि बर्फ पडण्याआधी पिल्लाला अंग धरायला पाच-सहा महिने मिळतात. म्हणून दर जूनमध्ये इथल्या घराघरांच्या मागे एकटी पाडसं दिसतात आणि दर जूनमध्ये चांगल्या मनाची माणसं ती उचलून आणतात.

आपल्याकडेही हेच होतं. सोलापूर-नगरच्या माळावर काळविटाची मादी पिल्लू गवतात लपवते, ते शेतात काम करणाऱ्याला सापडतं, आणि बिचारा दयेपोटी घरी आणतो. तिथेही ते जागेवर ठेवून वनखात्याला १९२६ या हेल्पलाइन क्रमांकावर कळवणं हेच योग्य.

शकुंतलेपेक्षा मला इथे भागवतातल्या भरत राजाची (शकुंतलेचा मुलगा नव्हे, जडभरत) गोष्ट जवळची वाटते. त्याने नदीतून पाडस उचललं तेव्हा सिंहाच्या डरकाळीने घाबरलेल्या त्याच्या आईने उडी घेतली होती, पिल्लू पोटातून पाण्यात पडलं होतं आणि ती मेली होती. ते खरोखर पोरकं होतं. तिथे उचलणं धर्म होता, आणि तसा प्रसंग आला तर मीही हात लावीन.

तुमचा एक मुद्दा मात्र मी पूर्ण मान्य करते: कोयोटने नेलं तर? नेऊ शकतो. जन्मलेल्या पाडसांतली बरीचशी पहिल्या काही आठवड्यांतच जातात, आणि हे मला सहज पचतं असं नाही. त्या दिवशी मागचं गवत कापायचं आम्ही रद्द केलं, शेजाऱ्यांना कुत्रा बांधून ठेवायला सांगितलं आणि मुलांना मागे जाऊ दिलं नाही. मला जे हातात होतं ते हेच होतं, आणि ते मी मायेनेच केलं.

पुढच्या जूनमध्ये तुम्ही मुलाकडे पिट्सबर्गला येणार आहात म्हणालात, म्हणून सांगते. लॉन कापण्याआधी उंच गवतात आणि झुडपांखाली एकदा फिरून बघायला सांगा. यंत्राचा आवाज आला तरी पाडस उठत नाही. एकटं, शांत, स्वच्छ पिल्लू दिसलं तर मागे फिरा. चुकून कुणी उचललंच असेल तर होतं तिथेच परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकत नाही. पण पिल्लू तासन्‌तास ओरडत भटकत असेल, अंगावर माश्या घोंघावत असतील, जखम असेल, कानांची टोकं वळली असतील किंवा जवळच रस्त्यावर हरिणी मरून पडली असेल, तर वेळ घालवू नका. राज्याच्या वन्यजीव खात्याला फोन करा, आणि ते सांगतील तोवर दूध, पाणी काहीही देऊ नका.