शाळेसाठी पन्नास हजारांचाच लॅपटॉप हवा? ग्रुपवर फिरणाऱ्या निरोपाला उत्तर

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी नागपूरच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप फिरू लागतो: "मुलांना लॅपटॉप घेताना आय5 च्या खाली जाऊ नका. 16 जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्ड हवंच. पन्नास हजारांखालचा वर्षभरात बंद पडतो. जुना तर चुकूनही घेऊ नका." तो वाचून कोणी हप्त्यांवर गरजेपेक्षा महाग यंत्र घेतं, तर कोणी खरेदीच पुढे ढकलतं आणि मूल मोबाइलवर प्रोजेक्ट टाइप करत बसतं. शाळेचं काम म्हणजे टायपिंग, स्लाइड, पीडीएफ, ऑनलाइन क्लास, फार तर स्क्रॅच किंवा पायथनमधल्या प्रोग्रॅमिंगची सुरुवात. त्या हिशेबाने हा निरोप टिकत नाही.

"आय5 च्या खाली नको." आय3, आय5 ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची नावं. नुसत्या आय5 वरून काहीच ठरत नाही, पिढी बघावी लागते. आय5-5300यू पाचव्या पिढीचा, दोन कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग). आय3-1215यू बाराव्या पिढीचा, सहा कोअरचा. शाळेच्या कामात हा आय3 त्या आय5 ला सहज मागे टाकतो. म्हणून स्टिकरवर जाऊ नका. सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट असं उघडून पूर्ण क्रमांक वाचा: 8250 म्हणजे आठवी पिढी, 1215 म्हणजे बारावी. इंटेलमध्ये आठवीच्या खाली उतरू नका. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला आठव्या पिढीआधीचे जवळपास सगळे प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाहीत. नव्यात अगदी स्वस्त हवा असेल तर इंटेलचाच चार कोअरचा एन100 प्रोसेसर चालेल. दोन कोअरचा सेलेरॉन मात्र ऑनलाइन क्लास आणि ब्राउझर एकत्र उघडले की अडकतो.

"16 जीबी रॅम हवीच." 8 पुरते. 4 जीबी खरंच टाळा: विंडोज 11 ची किमान अट तेवढीच असली तरी पाच-सहा टॅब उघडले की ती भरते आणि यंत्र डिस्कवर लिहा-वाचा करत रखडतं. रॅम वाढवायला मोकळा स्लॉट आहे का, हे मात्र विचारा. काही पातळ मॉडेलमध्ये ती बोर्डवरच सोल्डर केलेली असते.

खरी फसगत होते ती डिस्कमध्ये, आणि निरोपात तिचं नावही नाही. काही स्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कऐवजी 64 जीबी ईएमएमसी, म्हणजे बोर्डवरची साठवणुकीची चिप असते. विंडोजच ती बरीचशी व्यापतं, मोठ्या अपडेटला जागा उरत नाही, आणि सोल्डर केलेली असल्याने बदलताही येत नाही. किमान 256 जीबी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क मागा.

ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेम आणि जड चित्रांसाठीची वेगळी चिप? या कामाला लागत नाही. पुढे इंजिनिअरिंगला कॅड, म्हणजे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर लागलं तर तेव्हा बघता येईल.

"पन्नास हजारांखालचा वर्षात बंद पडतो." किमतीपेक्षा इथली उष्णता आणि धूळ जास्त घात करतात. बऱ्याच कंपन्या वापरासाठी कमाल 35 अंश तापमान सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 गाठतो. लॅपटॉप गादीवर ठेवला की खालच्या जाळ्या बंद होतात, प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. मग दोष यंत्राला. गेमिंगचा महाग लॅपटॉप तर आणखी तापतो. टेबल किंवा पाट वापरा, बंद गाडीत लॅपटॉप ठेवू नका, आणि कूलरच्या थेट झोतात बसू नका. त्या हवेत ओल असते, कधी पाण्याचे थेंबही येतात. वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या.

"जुना चुकूनही नको." हा सगळ्यात नुकसानीचा सल्ला. कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले आठव्या-दहाव्या पिढीचे आय5 लॅपटॉप नव्याच्या निम्म्या किमतीच्या आसपास मिळतात. त्यांची बांधणी दणकट असते आणि बहुतेकांत रॅम, एसएसडी, बॅटरी बदलता येते. नागपुरात बर्डीत घ्या की सदरला, पैसे देण्याआधी अर्धा तास काढा.

आधी बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport असं टाइप करा. अहवालात मूळ क्षमता 50,000 आणि आताची 30,000 दिसली तर बॅटरी 60 टक्के उरली. त्याखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. मग लॅपटॉप सुरू करताना डेलला एफ2, एचपीला एफ10 दाबून बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारी यंत्राची मूळ सेटिंग्ज उघडा. तिथे पासवर्ड मागितला तर तो लॅपटॉप सोडा. विंडोजचा सेटअप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, आपल्यासमोर, पहिल्यापासून करायला लावा. त्यात एखाद्या कंपनीचा मेल आयडी मागितला, तर यंत्र अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे; आज चाललं तरी पुढच्या रीसेटला कुलूप पडेल. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन तपासा, नाहीतर पायरेटेड विंडोज पदरी पडतं. बिजागरी दोनदा उघडझाप करा. कॅमेरा, माइक, प्रत्येक यूएसबी पोर्ट आणि प्रत्येक कळ वापरून बघा.

बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो खालच्या स्टिकरशी व बायोसशी जुळवा. वॉरंटी किती महिन्यांची आणि बॅटरी तिच्यात येते की नाही, हेही बिलावरच लिहून हवं. तोंडी वॉरंटीवर पैसे देऊ नका.