माऊस काढून ठेवल्याने पीसी फास्ट होत नाही हो

एक पोस्ट सध्या सगळीकडे फॉरवर्ड होतेय, कॉम्प्युटर स्लो का होतो त्याचं म्हणे खरं कारण. त्यात म्हटलंय की प्रोसेसर जोडलेल्या प्रत्येक डिव्हाइसला सारखा "काही आहे का, काही आहे का" विचारत बसतो, म्हणून जास्तीचा माऊस, प्रिंटर, वेबकॅम काढून ठेवा. पेनड्राइव्हवर कॉपी करताना एकेक बाइट प्रोसेसरच्या हातून जातो, सो कॉपी स्लो असेल तर प्रोसेसर बदला. जुना गोल पिनचा पीएस/२ कीबोर्ड बेस्ट कारण तो डायरेक्ट प्रोसेसरला जोडलेला असतो. आणि पेनड्राइव्ह काढण्याआधी करायचं सेफली रिमूव्ह म्हणजे निव्वळ थोतांड. प्रत्येक मुद्द्यात चिमूटभर खरं आहे, म्हणून तर लोकांना पटतंय.

विचारपूस चालते हे बरोबर. यूएसबी डिव्हाइसला स्वतःहून तोंड उघडायची परवानगीच नाही, होस्टने, म्हणजे कॉम्प्युटरने, विचारलं की बोलायचं. साध्या माऊसला बऱ्याचदा दर ८ मिलीसेकंदाला विचारलं जातं, म्हणजे सेकंदाला १२५ वेळा, गेमिंगवाल्याला १००० वेळा. पण विचारतो कोण? प्रोसेसरवर चालणारा प्रोग्राम नाही, होस्ट कंट्रोलर नावाचं वेगळं सर्किट. ड्रायव्हरने, म्हणजे डिव्हाइस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने, रॅममध्ये कामांची यादी मांडून दिली की पुढचं तो बघतो. माऊस हललाच नसेल तर माऊसकडून "नॅक" येतो, म्हणजे सध्या काही नाही, आणि हे प्रोसेसरच्या कानावर पण जात नाही. हलला तर कंट्रोलर ते चार-सहा बाइट स्वतःच रॅममध्ये लिहितो आणि मग प्रोसेसरला इंटरप्ट मारतो, म्हणजे "इकडे बघ" अशी हाक, तेव्हा कुठे प्रोसेसर तिकडे बघणार. हां, पहिल्या यूएसबीच्या काळातले यूएचसीआय कंट्रोलर दर मिलीसेकंदाला रॅममधली यादी वाचायचे, त्यामुळे लॅपटॉपच्या प्रोसेसरला सी३ या गाढ झोपेत जाता यायचं नाही आणि बॅटरी लवकर उतरायची. तो लोच्या बॅटरीचा होता, स्पीडचा नव्हे.

पेनड्राइव्हचं म्हणाल तर बाइट प्रोसेसरच्या हातून जायचे दिवस होते, हार्डडिस्कचा पीआयओ मोड. विंडोज एक्सपीत डिस्कच्या ट्रान्सफरमध्ये सहा एरर जमल्या की सिस्टिम गपचूप पीआयओवर उतरायची आणि साधी फाईल कॉपी करताना माऊस अडखळायला लागायचा, ज्यांनी भोगलंय त्यांना आठवेल. आता डेटा डीएमएने जातो, कंट्रोलर आणि रॅमचं परस्पर चालतं, प्रोसेसर फक्त "इथून उचल, एवढं उचल" सांगतो आणि काम झाल्याचा इंटरप्ट घेतो. डीएमए काही नवीन पण नाही, १९८१ च्या आयबीएम पीसीत ८२३७ चिप त्यासाठीच होती. कॉपी चालू असताना टास्क मॅनेजर उघडा, अँटिव्हायरस मध्ये तडमडत नसेल तर प्रोसेसर निवांत दिसेल. अडतंय ते पेनड्राइव्हच्या स्वस्त फ्लॅश मेमरीपाशी, पोर्टवर ५ जीबीपीएस लिहिलेलं असलं तरी. त्यात हजारो बारक्या फाईली असतील तर विचारूच नका.

कीबोर्डचा मुद्दा मला जास्त आवडला कारण तो जुन्या गेमर मंडळींचा लाडका आहे. पीएस/२ कीबोर्ड विचारायची वाट बघत नाही हे खरं, पण डायरेक्ट प्रोसेसरला बिलकुल जोडलेला नसतो. मध्ये ८०४२ कंट्रोलर बसलेला असतो, तो बाइट ०x६० या पोर्टवर, म्हणजे प्रोसेसरला वाचता येणाऱ्या पत्त्यावर, ठेवतो आणि आयआरक्यू १ ही इंटरप्टची लाइन वाजवतो. शिवाय वायरवर एका बाइटला ११ बिट लागतात आणि क्लॉक, म्हणजे बिट पाठवायचा ठेका, १० ते १६.७ किलोहर्ट्झ, म्हणजे एकच बाइट पोचायला साधारण ०.७ ते १.१ मिलीसेकंद जातो. १००० हर्ट्झच्या यूएसबी कीबोर्डसमोर यात कसली आलीय जादू! लिनक्स लॅपटॉप असेल तर प्रॉक फोल्डरातली इंटरप्ट्स फाईल बघा, बऱ्याच लॅपटॉपचा आतला कीबोर्ड आजही आय८०४२ नावाने दिसतो, आणि ए दाबून सोडला की तिथला इंटरप्टचा आकडा दोनाने वाढतो, दाबल्याचा बाइट १ई आणि सोडल्याचा ९ई.

राहिलं सेफली रिमूव्ह. विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून क्विक रिमूव्हल, म्हणजे डेटा रॅममध्ये साठवून न ठेवता लगेच पेनड्राइव्हवर लिहिणं, डिफॉल्ट आहे, त्यामुळे न विचारता काढला तरी बहुतेकदा निभावतं, "थोतांड" शब्द तिथूनच आला असणार. पण लिनक्सवर कॉपी संपली असं दिसतं तेव्हा बराच माल अजून रॅममध्येच असू शकतो, इजेक्ट दाबलं की पेनड्राइव्हची लाइट पुन्हा मिनिटभर लुकलुकत बसते ती त्यामुळेच, आणि तेवढ्यात उपटला तर फाईल अर्धीच गेली म्हणून समजा.