महिमानगडावर झाडं का लावायची नाहीत

दादा, साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या महिमानगड किल्ल्यावर मी लिहिलं, त्यावर सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, बरं वाटलं. "अर्ध्या तासात उरकणारा बोडका डोंगर, वर ना झाड ना पाणी. त्याचं कौतुक कसलं करता? हजार झाडं लावा म्हणून लिहा," असं तुमचं म्हणणं. चढ अर्ध्या तासाचाच आहे, खरंय. पाणी मात्र वर टाक्यात आहे. विजापूरकडच्या वाटेवर नजर ठेवणारी शिबंदी तहानलेली थोडीच बसणार होती!

झाडांचं काही पटलं नाही. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, माणमधल्या दहिवडीला जेमतेम पाचशे. ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात, माणला येतो तो उरलासुरला. तेवढ्यावर गवत, तरवड, बोरी-बाभळी जगतात. कास-ठोसेघर डोळ्यांत भरून माणदेश बघितला तर तो उजाडच दिसणार.

पुढच्या वेळी कुसळी गवताचं एक वाळलेलं कुसळ तळहातावर घ्या आणि थुंकी लावा. पीळ सुटत शेपटी हळूहळू फिरायला लागते. पावसाच्या ओलीनं हेच घडतं, आणि गिरमिटासारखं फिरत बी मातीत घुसतं. माळाची लागवड माळच करतो, वर्गणी न काढता. तिथं आपण खड्डे मारून गिरिपुष्प लावतो. मध्य अमेरिकेकडचं झाड. पटकन हिरवं होतं, फोटोही झकास येतो. खालचं गवत मात्र सावलीनं मरतं. चंडोल, माळटिटवी, लांडगा यांना उघडं रान लागतं. शेजारी सोलापुरात नान्नजला १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, आज तिथं माळढोक दिसला तर नशीब. कारणं बरीच आहेत, माळ म्हणजे पडीक जमीन समजून त्यावर झाडं लावणं हेही त्यातलंच. आणि मेंढरं कुठं चारायची, हे लावणाऱ्यांपैकी कुणी धनगरांना विचारलं का?

उतारावर चर काढायला माझी ना नाही, पाणी मुरलंच पाहिजे. झाडं लावायचीच तर बांधावर, ओढ्याकाठी लिंब-बाभूळ लावा, मीही टिकाव घेऊन येतो.

राहिली सावली. सकाळी उजाडताच पायथा सोडा, ऊन तापायच्या आत खाली या. दिवाळीच्या आगेमागे गेलात तर गवत पिकलेलं असतं. फक्त मोज्यांतली कुसळं घरी कोण वेचणार, ते निघायच्या आधी ठरवा.