बुरशीसाठी ‘एकच रक्ततपासणी’: फिरत्या संदेशातील दावे तपासताना

सतत थकवा, पोट फुगणे, गोड खाण्याची ओढ अशी लक्षणे असतील तर रक्तातील कँडिडाविरोधी प्रतिपिंडे (कँडिडा या बुरशीशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रथिने) तपासून घ्या, अहवाल पॉझिटिव्ह आला की अंगात बुरशी पसरली असे समजा, निगेटिव्ह आला की काळजी मिटली, आणि याच तपासणीत काळी बुरशीही सापडते, असे सांगणारा एक संदेश सध्या मोबाइलवर फिरतो आहे. मी प्रयोगशाळेत बुरशीचे नमुने तपासते आणि असे अहवाल हातात घेऊन आलेली घाबरलेली माणसे पाहते. म्हणून या दाव्यांना उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग, हा पहिला दावा. कँडिडा ही बुरशी कित्येक धडधाकट माणसांच्या तोंडात आणि आतड्यात एरवीही वस्तीला असते. शरीर तिला ओळखते आणि तिच्याविरुद्ध आयजीजी या प्रकारची प्रतिपिंडे तयार करते, त्यामुळे ती निरोगी माणसाच्या रक्तातही सापडतात; त्यावरून बुरशी रक्तात शिरली आहे असे ठरत नाही. थकव्यामागे रक्तक्षय, थायरॉइडचा विकार किंवा मधुमेह असू शकतो आणि आधी तो शोधायला हवा. केवळ या अहवालावरून स्वतःच्या मनाने फ्लुकोनाझोल हे बुरशीविरोधी औषध सुरू करणे तर धोक्याचेच आहे, कारण त्याचा यकृतावर परिणाम होऊ शकतो आणि वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांमध्ये रक्तस्राव होण्याची भीती वाढते.

निगेटिव्ह आले की निर्धास्त व्हा, हा दावा मला त्याहून घातक वाटतो. प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो, आणि केमोथेरपी चालू असलेल्या किंवा अवयव प्रत्यारोपण झालेल्या ज्या रुग्णांना बुरशीचा खोलवरचा संसर्ग होण्याची भीती सर्वाधिक असते, त्यांच्याच शरीरात ती पुरेशी तयार होत नाहीत. अशा वेळी शरीराने बुरशीला काय उत्तर दिले हे न पाहता बुरशीचाच अंश, म्हणजे अँटिजेन, शोधावा लागतो किंवा रक्ताचे कल्चर करावे लागते, म्हणजे त्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहावी लागते. एचआयव्हीबाधित प्रौढाच्या सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशी दर घनमिलिमीटर रक्तात १०० च्या खाली गेल्या असतील तर क्रिप्टोकॉकस या बुरशीचे अँटिजेन तपासावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्यासाठी पट्टीवरची चाचणी मिळते आणि तिचा निकाल काही मिनिटांत कळतो.

काळ्या बुरशीचे निदान या रक्ततपासणीने होत नाही. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, रुग्ण ओळखले गेले ते नाकातून, सायनसमधून काढलेल्या ऊतकाच्या तुकड्यांवरून. तो तुकडा काचपट्टीवर ठेवून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. ऊतक विरघळत गेले की सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, फितीसारखे, जवळजवळ बिनपडद्याचे तंतू दिसू लागतात, आणि ते दिसताच शल्यचिकित्सकाला फोन जातो. गजकर्णासाठीही रक्त काढण्याची गरज नसते. चट्ट्याच्या कडेची खरवड याच पद्धतीने पाहतात.

मात्र या संदेशावर चिडून प्रतिपिंडांच्या सगळ्याच तपासण्या निरुपयोगी ठरवणेही चूक होईल. अमेरिकेत ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियात आढळणाऱ्या ‘व्हॅली फीवर’ या फुप्फुसाच्या बुरशीजन्य आजाराचे निदान बहुतेक वेळा प्रतिपिंडांवरूनच होते, म्हणून तिकडे राहून आलेल्या आणि न्यूमोनिया झालेल्या माणसाने तो प्रवास डॉक्टरांना जरूर सांगावा. आपल्याकडे याहून महत्त्वाचा प्रश्न क्षयरोगाचा आहे. क्षय बरा झाल्यावर काहींच्या फुप्फुसात पोकळी उरते, तिच्यात अ‍ॅस्परजिलस ही बुरशी मूळ धरते आणि मग महिनोन्‌महिने खोकला, वजन घटणे, थुंकीतून रक्त पडणे अशी लक्षणे दिसतात. ती हुबेहूब क्षयासारखी असल्याने, थुंकीत जंतू सापडले नसतानाही रुग्णाला पुन्हा क्षयाची औषधे सुरू केली जातात. येथे अ‍ॅस्परजिलसविरोधी आयजीजी हा निदानाचा मुख्य आधार आहे, कारण हा आजार रेंगाळणारा असल्याने प्रतिपिंडे तयार व्हायला पुरेसा अवधी मिळालेला असतो आणि छातीच्या सीटी स्कॅनमध्ये दिसणाऱ्या पोकळीशी त्या अहवालाचा मेळ घालता येतो. क्षयाचा उपचार पूर्ण झालेल्या तुमच्या घरातील कोणाच्या थुंकीतून पुन्हा रक्त पडू लागले आणि थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू आढळले नाहीत, तर दुसऱ्यांदा औषधे सुरू होण्यापूर्वी या तपासणीबद्दल डॉक्टरांना अवश्य विचारा.