ढिगुळ्या, युरिया आणि भाताचं रान

फेब्रुवारी संपत आला की कोल्हापूर जिल्ह्यात करवीर, पन्हाळा, राधानगरीकडं कुठल्याही रस्त्यानं जा, भाताच्या रानात शेणखताच्या ढिगुळ्या दिसायला लागतात. पाच-सात पावलांवर एक, ओळीनं मांडलेल्या. मे अखेरपर्यंत त्या तशाच उन्हात वाळतात. मग वळीव होतो, खत विस्कटलं जातं, कुळव फिरतो आणि आपण म्हणतो, यंदा रानाला चांगलं खत घातलंय. तोवर त्या खतातला पिकाला लगेच लागू पडणारा नत्र (नायट्रोजन) अमोनिया होऊन बराचसा उडून गेलेला असतो. उरतो तो बहुतेक चोथा. तोही मातीच्या उपयोगाचाच आहे, पण ज्याच्यासाठी ट्रॉलीचं भाडं मोजलं ते त्यात राहिलेलं नसतं.

ऑगस्टमध्ये बांधावर उभं राहून बघा. भाताच्या रानात मधूनमधून काळपट हिरवे गोल दिसतात, बैलगाडीच्या चाकाएवढे. तिथं ढिगुळी होती. वळवाच्या सरीत तिच्यातला उरलासुरला रस खाली त्याच जागेत मुरलेला असतो. त्या गोलातलं भात सगळ्यात आधी लोळतं, करपाही तिथूनच सुरू होतो. आणि दोन गोलांमधलं भात उपाशी. खत रानात आणलं की त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी विस्कटून कुळवाखाली मातीआड झालंच पाहिजे. तेवढी सवड नसेल तर खत उकिरड्यातच राहू द्यावं, तिथं ते जास्त सुरक्षित असतं.

सेंद्रिय की रासायनिक हे भांडण भातापुरतं तरी मला बिनकामाचं वाटतं, आणि त्यात नुकसान आपल्याच लोकांचं होतंय म्हणून हे लिहितोय. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड या पट्ट्यात बरीचशी माती तांबडी, जांभ्याची. तिच्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, त्यामुळं टाकलेलं स्फुरद (फॉस्फरस) ती आवळून धरते आणि पिकाला देत नाही. नत्र आणि पालाश (पोटॅश) मात्र तिच्या हातून निसटतात. जुलैच्या पावसात या वाफ्यातून त्या वाफ्यात आणि तिथून ओढ्यात. कुजलेल्या खतातली सेंद्रिय आम्लं लोह-ॲल्युमिनियमला गुंतवून ठेवतात म्हणून स्फुरद मोकळं राहतं, आणि खताचा काळा भाग अमोनियम आणि पालाश धरून ठेवतो. माझ्या लेखी शेणखताचं पहिलं काम हेच, टाकलेल्या युरियाला रानात थांबायला जागा करून देणं. ते स्वतः किती नत्र देतं हा हिशेब नंतरचा.

तो हिशेबही एकदा नीट मांडू. इंद्रायणी, भोगावतीसारख्या सुधारित जातींना हेक्टरी 100 किलो नत्र, 50 स्फुरद, 50 पालाश ही शिफारस सगळ्यांना तोंडपाठ आहे. तिच्या आधीची ओळ कुणी वाचत नाही. ती ओळ आहे हेक्टरी 10 टन शेणखत किंवा कंपोस्टची. एकराला 4 टन, म्हणजे भरल्या 8 बैलगाड्या, गुंठ्याला 100 किलो. शिफारस या दोन्हींची मिळून आहे. त्यामुळं शेणखत घातलंय म्हणून युरिया निम्मा करतो, असं म्हणणाऱ्यांचं गणित पहिल्याच पायरीवर चुकतं. 4 टन खतात अर्धा टक्का धरला तर 20 किलो नत्र भरतो, पण पहिल्या हंगामात त्यातला फार तर पाव ते एक तृतीयांश सुटतो, म्हणजे 5-7 किलो. बाकीचा मातीत राहून पुढच्या हंगामांना थोडा थोडा मिळतो. सलग तीन-चार वर्षं खत पडलं, माती तपासली, पानाचा रंग गडद राहायला लागला, मग युरियाला कात्री लावायची.

हीच शिफारस एकराला 40 किलो नत्र, 20 स्फुरद, 20 पालाश होते, ती पोत्यांत अशी बसते. 10:26:26 ची (हे मिश्रखत, आकडे त्यातल्या नत्र, स्फुरद, पालाशाच्या टक्क्यांचे) दीड गोणी म्हणजे 75 किलो, आणि युरिया 70 किलो. रोपलागणीच्या आधी शेवटच्या चिखलणीत सगळं 10:26:26 आणि 18 किलो युरिया. फुटवे सुटायला लागले की, साधारण 25 ते 30 दिवसांनी, भांगलण उरकून 35 किलो युरिया. उरलेला 17 किलो पोटरीच्या, म्हणजे लोंबी पोटात धरायच्या, आधी. दुसऱ्या हप्त्याला सगळ्यात जास्त घाण होते, कारण तो नेमका धो धो पावसात येतो. वाफ्यातलं पाणी चिखल झाकेल एवढंच ठेवायचं, युरिया टाकायचा, बांधाची तोंडं लिंपायची आणि दोन दिवस उघडायची नाहीत. पाणी वाफ्यावरून वाफ्यात वाहत असताना टाकलेला युरिया खालच्या शेतकऱ्याचं भात हिरवं करतो. पाऊस थांबत नसेल तर चार दिवस थांबावं. उशिरा पडलेला युरिया वाहून गेलेल्या युरियापेक्षा कधीही बरा.

उंच वाढणाऱ्या घनसाळसारख्या देशी जातींना हा डोस लावू नका. आजऱ्याच्या घनसाळला भौगोलिक मानांकन आहे, दरही चांगला मिळतो, पण जादा युरियानं त्याचं खोड लुसलुशीत होतं आणि दाणा भरायच्या आत भात आडवं पडतं. तिथं भर शेणखतावरच हवा, युरिया नावाला.

जीवामृतावर, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या पाण्यावर, खूप लिहिलं-बोललं जातं. 200 लिटरच्या बॅरलमध्ये 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन. या सगळ्यातला नत्र मिळवला तर पाव किलोच्या आसपास भरतो. एकराला 20 क्विंटल भात पिकवायचं तर पीक 30 ते 40 किलो नत्र उचलतं. जीवामृतानं जिवाणूंची हालचाल वाढत असेल, घालायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर युरिया बंद करून सप्टेंबरमध्ये पिवळ्या रानाकडं बघत बसायची पाळी आणू नका.

आता कच्च्या खताचं. एकूण तक्रारींपैकी निम्म्या तरी इथूनच येतात असं माझं मत आहे. उकिरड्यात लोखंडी सळई हातभर खोल खुपसा, दहा मिनिटांनी काढून मुठीत धरा. चटका बसला तर खत अजून शिजतंय. मूठभर खत हातात घ्या. काळं, भुसभुशीत, आंबूस वास न येता पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर तयार. काड्या ओळखू येत असतील तर नाही. पिंजार, उसाचं पाचट मिसळलेलं कच्चं खत चिखलात गेलं की ते कुजवायला जिवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात. लागण होऊन पंधरा दिवस झाले तरी रोपं पिवळी, फुटवा नाही, हे त्याचंच लक्षण. लोक तेव्हा घाबरून आणखी युरिया टाकतात. महिन्याभरानं कुजणं संपतं, अडकलेला नत्र सगळा एकदम सुटतो, वरून युरिया असतोच, आणि मग भात माजतं, तुडतुडे येतात. शिवाय कच्च्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बी रानात येतं ते वेगळंच. साखर कारखान्याच्या ताज्या मळीलाही (प्रेसमड) हेच लागू, ती दोन-तीन महिने कुजवल्याशिवाय भाताला नको.

पाण्याखाली कच्चं खत सडलं की मुळं गुदमरतात. शंका आली तर एक चूड (एका जागी लावलेली रोपं) उपटून पाण्यात खळबळून बघा. मुळं पांढरी किंवा गंजाच्या तांबूस रंगाची असतील तर काळजी नाही. काळी पडली असतील आणि सडक्या अंड्याचा वास येत असेल तर युरियाला हात लावू नका. पाणी काढा, चिखलाला केसासारख्या भेगा पडेपर्यंत तीन-चार दिवस रान उघडं ठेवा, नवी पांढरी मुळी दिसली की मग खत.

धूळवाफ पेरणी करणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. कोरड्या रानात कुरीबरोबर (पेरणीच्या अवजारानं) युरिया पेरला तर मृगाआधीच्या उबदार, हवेशीर मातीत त्याचा नायट्रेट होतो, आणि रानात पाणी तुंबलं की तो वायू होऊन उडतो. पेरणीला फक्त शेणखत आणि 10:26:26. युरिया उगवणीनंतर तीन आठवड्यांनी, पहिली भांगलण झाल्यावर.

ज्यांच्याकडं 4 टन शेणखत निघत नाही (आणि ज्याच्या दावणीला एकच म्हैस त्याच्याकडं ते निघणं अवघडच) त्यांनी बांधावर गिरिपुष्प लावावं. आपल्याकडं कुणी त्याला उंदीरमारी म्हणतात. कृषिशास्त्रज्ञ डॉ. सावंत यांच्या चारसूत्री, म्हणजे चार सूत्रांच्या भातलागवडीच्या, पद्धतीत ते आहे आणि आपल्या पावसाला ही पद्धत मला सगळ्यात जास्त पटते. चिखलणीच्या आठ-दहा दिवस आधी गुंठ्याला 30 किलो ओला पाला फांद्यांसकट रानात पसरायचा. आठवड्यात पानं गळतात, काटक्या चुलीला न्यायच्या, पानं चिखलात गाडायची. कोवळा पाला पिंजारासारखा नत्र ओढत नाही, तो लगेच कुजून नत्र सोडतो. मग दोरीवर 15 आणि 25 सेंटिमीटर असं आलटून पालटून अंतर ठेवून लागण, एका चुडात दोन-तीन रोपं. चार चुडांचा एक चौकोन होतो, त्याच्या मध्यावर युरिया आणि डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) दाबून केलेली 2.7 ग्रॅमची एक गोळी, म्हणजे ब्रिकेट, बोटानं 7 ते 10 सेंटिमीटर खोल, लागणीच्याच दिवशी. गुंठ्याला सव्वासहाशे ब्रिकेटा, वजनानं पावणेदोन किलोच्या आत. हेक्टरी नत्र 57 किलोच्या आसपास बसतो, म्हणजे शिफारशीच्या निम्म्याहून थोडा जास्त. तरी पुरतो, कारण गोळी चिखलात हवेबाहेर बसलेली असते, ती पाण्याबरोबर वाहत नाही. वरवर टाकली तर मात्र ती साध्या युरियाइतकीच वाया जाते. मजुराला घाई असते आणि गोळी दोन बोटंच जाते, तिथं उभं राहून बघावं लागतं. ब्रिकेट दिल्यावर पुन्हा युरियाचे हप्ते द्यायचे नाहीत.

पंचगंगा-भोगावतीकाठच्या काळ्या रानात जस्ताची उणीव दिसते, खालच्या पानांवर तांबूस ठिपके येतात आणि रोप खुरटतं. एकरी 8 ते 10 किलो झिंक सल्फेट कुजलेल्या खतात मिसळून द्यावं, डीएपी किंवा सुपर फॉस्फेटबरोबर नको, दोन्ही एकमेकांना बांधून टाकतात. युरियाही शेणखतात कालवून रात्रभर ठेवू नका. सकाळी नाकाला झोंबणारा वास येतो, तो तुमचाच नत्र असतो.

आणि उकिरडा. जनावराच्या मुतात नत्र आणि पालाश भरपूर असतो आणि तोच गोठ्यातून गटारीला जातो. गव्हाणीतलं उरलेलं पिंजार आणि पालापाचोळा रात्री जनावराखाली पसरा, सकाळी मुतानं भिजलेला तो सगळा उकिरड्यात. उकिरडा उंचवट्यावर करा, थरावर थर देताना टनाला 20-25 किलो सुपर फॉस्फेट भुरभुरा, ते अमोनिया धरतं आणि तांबड्या रानात स्फुरदही मोकळं ठेवतं. मृगाच्या आधी वर मातीचा लेप आणि त्यावर जुनी ताडपत्री. पावसात उकिरड्याखालून जो तपकिरी ओघळ वाहतो, तो थांबला की पुढच्या मेमध्ये उकिरडा उकरताना खताचा रंगच वेगळा दिसेल.