एका पत्त्यावर अख्खं खटलं

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात मजले तीन, चुली चार आणि इंटरनेटचं कनेक्शन एक. ज्याने त्याने आपापलं घ्यावं, असं मी सुचवून पाहिलं होतं. मोठे काका म्हणाले, "घर एक, नळ एक, मग नेट काऊन चार?" त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा सर्व्हर उभा करणं सोपं होतं.

सर्व्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेची थंडगार खोली येते. आमचा सर्व्हर जिन्याखाली, गव्हाच्या कोठीला टेकून बसलेला, एका ऑफिसने भंगारात काढलेला कॉम्प्युटर आहे. त्यात नेटवर्क कार्डं दोन. एकात बाहेरची वायर, दुसऱ्यातून स्विचमार्गे तिन्ही मजले. लिनक्स टाकलं, पॅकेट फॉरवर्डिंग, म्हणजे डेटाचे तुकडे एका कार्डातून दुसऱ्यात ढकलणं, चालू केलं, आयपीटेबल्स या लिनक्सच्या द्वारपालाला एक ओळ लिहून दिली आणि नॅट, म्हणजे एका पत्त्यामागे अख्खं घर चालवायची युक्ती, सुरू. त्या दिवसापासून घरात माझं नाव 'नेट' पडलं. "नेट कुठं गेला?" म्हणजे मी आंघोळीला गेलोय का.

"हे डबडं करते तरी काय?" काकूंनी विचारलं. म्हटलं, रेशनकार्ड समजा. घरात प्रत्येकाला १९२.१६८ ने सुरू होणारा आपापला नंबर, पण तो उंबऱ्याबाहेर चालत नाही. बाहेर जाताना सर्व्हर तो खोडून आपला एकच पत्ता टाकतो, कोणी काय मागवलं ते पोर्ट नंबरासकट, म्हणजे प्रत्येक जोडणीच्या टोकनासकट, टेबलात टिपतो आणि माल आला की ज्याचा त्याला पोचवतो. असे ३२ बिटांचे पत्ते जगात जेमतेम ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत म्हणून १९९४ साली ही युक्ती मांडली गेली, आणि २०११ च्या फेब्रुवारीत पत्त्यांचा जागतिक साठा खरोखरच संपला. काकूंना साठ्याचं काही नवल वाटलं नाही. "म्हणजे कोणी काय मागवलं ते त्याले समजते?" एवढंच त्यांनी विचारलं आणि माझ्या पुतण्याकडे पाहिलं.

बाहेरून पाहणाऱ्याला मात्र आम्ही सगळे मिळून एकच माणूस. पहाटे अभंग ऐकणारा, दुपारी पापडखाराचं प्रमाण शोधणारा आणि रात्रभर गोळ्या झाडणारा. असल्या माणसाचा संशय येणारच. एका साईटने काकांना अडवलं: तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा, चित्रातले सिग्नल ओळखा. सरकारी नोकरीतून सन्मानाने निवृत्त झालेला माणूस! "सिग्नल इथं पाहून कोण राहिलं बे?" म्हणत त्यांनी सगळ्या चौकटींवर टिचक्या मारल्या आणि रोबो ठरले.

मे महिन्यात पुतण्याने टोरंट लावलं, म्हणजे एकच फाईल अनेकांकडून तुकड्या-तुकड्यांनी उतरवणं. त्यात शेकडो जोडण्या एकदम उघडतात आणि प्रत्येकीला टेबलात जागा लागते. बाहेर पारा पंचेचाळिशीत, जिन्याखाली मी घामाघूम, आणि स्क्रीनवर एकच ओळ धो धो वाहतेय: 'टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट'. वरून प्रत्येक मजल्याचा आवाज, "नेट चालून नाही राहिलं!" पुतण्या त्यात सगळ्यात मोठ्याने ओरडत होता. शेवटी बैठकीतला कूलर सर्व्हरपुढे आणला, तेव्हा काकू तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या काळात कामं बरीच झाली.

मग पुण्यातल्या चुलतभावाला तिथे बसून इथल्या दारावरचा कॅमेरा पाहायचा होता. आतून कोणी मागवलेलं नसेल तर बाहेरून आलेलं नॅट कोणाला देणार? म्हणून पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे या नंबरावर आलेलं थेट कॅमेऱ्याला द्यायचं, असं सर्व्हरला सांगून ठेवलं. छान चाललं, आणि एक दिवस बंद. पाहतो तर इंटरनेट कंपनीने आमच्या सर्व्हरलाच १००.६४ ने सुरू होणारा, कंपनीच्या उंबऱ्याबाहेर न चालणारा पत्ता दिलेला. म्हणजे नॅटच्या डोक्यावर कंपनीचं नॅट. आमचं अख्खं रेशनकार्डच आता दुसऱ्याच्या कार्डावरचं एक नाव. फोनवरची मुलगी गोडपणे म्हणाली, "सर, पब्लिक आयपीचे वेगळे पैसे पडतील."

वर्गणीचा विषय काढताच तिन्ही मजल्यांना कामं आठवली. काका तेवढे बसून राहिले. "कॅमेरा कायले पाहिजे? मी दारातच बसून राहतो ना दिवसभर. त्याले म्हणा, फोन कर."

त्याने केला, व्हॉट्सअ‍ॅपवर. दोन्ही नॅट ओलांडून कॉल बिनबोभाट लागला, आणि पाऊण तास काकांनी त्याला दारात कोण आलं ते सोडून बाकी सगळं सांगितलं.