सशाच्या डॉक्टरांना प्रश्न विचारला तर बिघडतं कुठं?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एका सशावरून भांडण चाललंय. जुळे सोलापुरात राहणाऱ्या पुतणीच्या सशाने खाणं बंद केलं, लेंड्याही टाकेना. डॉक्टरांनी तोंडावाटे द्यायला अमॉक्सिसिलिनचं सिरप लिहून दिलं आणि रात्रभर उपाशी ठेवायला सांगितलं. पुतणीने दोन्हींवर शंका काढली. त्यावर भाऊ म्हणाला, "एवढी वर्षं जनावरं तपासणाऱ्या माणसाला तू शिकवणार काय?" वहिनींनी मला सुनावलं, "तिकडं लीड्समध्ये बसून बोलायला काय जातंय ओ भाऊजी, आम्हाला उद्या त्याच दवाखान्यात जायचंय."

वहिनींचं खरंच आहे. पण पुतणीची शंकाही खरी आहे. कुत्र्याला भूल देण्याआधी उपाशी ठेवतात, कारण त्याला उलटी होऊ शकते. सशाला उलटी करताच येत नाही. त्याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं, आणि दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तर ती तातडीची वेळ. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडावाटे दिली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात, आणि ससा दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिड-पिसवांवरचं फिप्रोनिलही सशाला चालत नाही. त्यात सोलापूरचा एप्रिल-मे. चाळिशीपार उन्हात, घाम न येणाऱ्या प्राण्याने खाणं सोडलं, तर आधी उष्माघाताचा विचार व्हायला हवा.

हे डॉक्टरांना माहीत नसेल तर त्यांना अडाणी ठरवायचं का? मला तसं वाटत नाही. आपल्याकडची पशुवैद्यकाची सगळी घडण गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्यांभोवती झालेली. दुष्काळी जिल्ह्यात दुभती म्हैस वाचवणारा डॉक्टर घराचं उत्पन्न वाचवतो. ससा आत्ता आत्ता फ्लॅटमध्ये शिरलाय. विकणारा दुकानदार त्याच्यासोबत गाजराचा सल्ला फुकट देतो, आणि बाजारात लसूणघास मिळतो म्हणून लोक रोज तोच घालतात. वाढ झालेल्या सशाला त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. त्याचं मुख्य जेवण म्हणजे साधं वाळलेलं गवत, तेही भरपूर.

इथे ब्रिटनमध्ये सगळं आलबेल आहे असंही नाही. ससे नीट बघणाऱ्या दवाखान्यांची यादी इथली सशांसाठीची संस्था ठेवते. सगळ्यांनाच ससा कळत असता तर यादी कशाला लागली असती? खर्चाचं तर विचारू नका. प्राण्यांच्या दवाखान्यांच्या बाजाराची चौकशी बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या इथल्या सरकारी यंत्रणेने 2024 मध्ये सुरू केली, इतकी लोकांची ओरड होती. सोलापुरात डॉक्टर फोन उचलतात, वेळप्रसंगी घरी येतात. हे सुख मला इथे नाही.

इथलं एकच मला तिकडे हवंसं वाटतं. दवाखान्यात फोन करून "तुमच्याकडे ससे कोण बघतं?" असं विचारलं की समोरची बाई शांतपणे नाव सांगते, किंवा दुसरा दवाखाना सुचवते. आपल्या आवाक्याबाहेरची केस दुसऱ्याकडे पाठवणं हा इथल्या पशुवैद्यकांच्या आचारसंहितेचाच भाग आहे. त्यात कुणाची नाचक्की होत नाही. आपल्याकडे तोच प्रश्न उर्मटपणा ठरतो, आणि मग डॉक्टरही "बघू की" म्हणत कुत्र्याचं औषध कमी मात्रेत देऊन मोकळे होतात. अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्यात ससे बघणारे डॉक्टर आहेत. भर उन्हात आजारी सशाला गाडीत घालून तिकडे न्यायला नको, पण दोन डॉक्टरांनी फोनवर बोलायला काय हरकत आहे?

पुतणीला त्या दवाखान्याला ऑनलाइन एक तारा देऊन टाकायचा होता. मी तिला सांगितलं, तारा राहू दे. सिरपची बाटली घेऊन जा, औषधाचं नाव दाखव आणि समोरासमोर विचार, "डॉक्टर, हे सशाला तोंडावाटे चालतं का? पुण्याच्या डॉक्टरांशी एकदा बोलाल का?" भावाला हेही आगाऊपणाचं वाटतंय. वाटू दे.